कोलंबिया आणि महाडच्या मधली वर्षे : अर्धवेळ अध्यापक बाबासाहेब

बाबासाहेबांचे चरित्र सांगताना आपण सगळे एक ठरावीक वाट धरतो. महूचा जन्म, साताऱ्याची शाळा, गोरेगावच्या वाटेवरची बैलगाडी, एल्फिन्स्टन, बडोद्याची शिष्यवृत्ती, कोलंबिया, लंडन आणि तिथून थेट महाडचे चवदार तळे. जयंतीच्या भाषणात, पोस्टरवर आणि मुलांच्या वक्तृत्व स्पर्धेतही हाच क्रम असतो. पदव्यांची यादी संपते आणि लगेच सत्याग्रह सुरू होतो. पण या दोन टप्प्यांच्या मधल्या वर्षांत बाबासाहेबांच्या घरी चूल कशी पेटत होती, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

आज हा प्रश्न विचारण्याचे कारण आपल्याच वस्त्यांत आहे. नेट, सेट, पीएच.डी. झालेले, पस्तिशी-चाळिशी ओलांडलेले आपले कितीतरी भाऊ-बहिणी तासिका तत्त्वावर महाविद्यालयांत शिकवतात. सकाळी एका कॉलेजात दोन तास, दुपारी दुसऱ्या कॉलेजात एक तास, संध्याकाळी खासगी क्लास. मधल्या वेळेत कायम नोकरीचे अर्ज. उन्हाळ्याच्या सुटीत तास नाहीत म्हणून मानधनही नाही. सामाजिक कामाच्या निमित्ताने आम्ही अशा घरांत बसतो, तेव्हा एक वाक्य हमखास कानावर येते : एवढे शिकून काय मिळाले? अशा घराच्या भिंतीवरही बाबासाहेबांचा कोट-टायमधला फोटो असतोच. त्या फोटोतल्या माणसानेही आयुष्याची काही वर्षे अर्धवेळ कामावर काढली, हे त्या घराला कोणी सांगितलेले नसते. म्हणून आम्ही इथे बाबासाहेबांच्या चरित्राचा तेवढाच भाग सांगणार आहोत.

१९१७ : पदव्या हातात, काम नाही

१९१३ मध्ये बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची, असा करार त्यांनी लिहून दिला होता. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले. १९१६ मध्ये लंडनला जाऊन त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राचा आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास सुरू केला. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि ऑगस्ट १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून मुंबईला परतावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते. दुसऱ्या जहाजाने पाठवलेले त्यांचे सामान, त्यातल्या पुस्तकांसह, समुद्रात बुडाले. लंडन विद्यापीठाने एवढी सवलत दिली होती की, चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करता येईल.

कराराप्रमाणे ते बडोद्याला रुजू झाले. बुडालेल्या सामानाची जी भरपाई मिळाली, तिच्यातूनच प्रवासखर्च निघाला. बडोद्यात पुढे काय झाले ते आपल्याला पाठ आहे. शिपाई दुरून फायली टाकत. पाणी मिळत नसे. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नावाने एका पारशी पथिकाश्रमात आसरा घ्यावा लागला आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने तिथूनही बाहेर काढले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राने घरात घ्यायचे टाळले. रात्रीच्या गाडीची वाट पाहत बाबासाहेब बागेत बसून राहिले आणि मुंबईला परतले.

बडोद्याची ही कहाणी आपण अपमानाची कहाणी म्हणून सांगतो आणि ती तशी आहेच. पण हिशेबाच्या भाषेत पाहिले तर त्या दिवशी एका २६ वर्षांच्या कर्त्या पुरुषाची पूर्णवेळ नोकरी गेली होती. वडील सुभेदार रामजी १९१३ मध्येच वारले होते. घरी पत्नी रमाबाई आणि लहान यशवंत होता. गावाकडे शेती नव्हती, शहरात ओळखी नव्हत्या. उलट शिष्यवृत्तीच्या पैशासाठी बडोदा संस्थानाने पुढे मागणी केली, ती चिंता डोक्यावर राहिली.

शिकवण्या आणि शेअर बाजाराचा सल्ला

मुंबईत बाबासाहेबांनी मिळेल ते काम धरले. पारशी मित्राच्या ओळखीने दोन विद्यार्थ्यांच्या शिकवण्या मिळाल्या. कोलंबियात एडविन सेलिग्मन यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकलेला माणूस घरोघरी जाऊन शिकवणी घेत होता. त्याच काळात त्यांनी शेअर आणि रोख्यांचा व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देणारी एक पेढी काढली. अर्थशास्त्राच्या ज्ञानाचा बाजारात थेट उपयोग होईल, असा हा सरळ हिशेब होता आणि सुरुवातीला गिऱ्हाईकही येऊ लागले. पण सल्ला देणारा माणूस अस्पृश्य आहे, हे कळताच गिऱ्हाईक आटले आणि पेढी बंद करावी लागली.

ही घटना नीट पाहण्यासारखी आहे. शेअर बाजारात कोणी कोणाच्या हातचे पाणी पीत नाही. तिथे फक्त आकडे लागतात आणि आकड्यांच्या बाबतीत बाबासाहेबांच्या तोडीची माणसे त्या शहरात मोजकीच असतील. तरीही जातीने तो दरवाजा बंद केला. गुणवत्ता असली की बाजार जात विचारत नाही, असे आज जे छातीठोकपणे सांगितले जाते, त्याला बाबासाहेबांच्या पेढीचा हा अनुभव पुरेसे उत्तर आहे.

या बेकारीच्या महिन्यांत त्यांनी वाचन आणि लेखन मात्र सोडले नाही. भारतातल्या लहान शेतजमिनींच्या प्रश्नावरचा त्यांचा अभ्यासपूर्ण निबंध १९१८ मध्ये अर्थशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. शेतीवर जास्तीची माणसे अडकून पडली आहेत, त्यांना उद्योगांत काम मिळाले पाहिजे, अशी त्या निबंधाची दिशा होती. काम न मिळालेल्या माणसाने काम न मिळण्याच्या कारणांचा केलेला हा अभ्यास होता, असेही म्हणता येईल.

सिडनहॅम : पगार आला, पण मुक्काम नाही

नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. पगार महिना ४५० रुपये. मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांच्याशी लंडनमध्ये झालेली ओळख या कामी आली. शिकवण्या घेणाऱ्या माणसाला एकदम मोठा पगार मिळाला. त्यांच्या तासांना दुसऱ्या कॉलेजांतले विद्यार्थीही येऊन बसू लागले. तरी प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये, अशी हरकत काही सहकाऱ्यांनी घेतलीच.

पगार वाढला म्हणून राहणीमान वाढले नाही. बाबासाहेब परळच्या चाळीतच राहिले. घरखर्चाला ठरलेली रक्कम रमाईंच्या हाती द्यायची आणि उरलेला पैसा लंडनच्या अपुऱ्या अभ्यासासाठी साठवायचा, असा त्यांचा नेम होता. तथागतांनी दीघजाणू कोलियाला गृहस्थाच्या सुखाच्या चार गोष्टी सांगितल्या, असे अंगुत्तर निकायात आले आहे. उद्योगशीलता, मिळवलेल्याचे रक्षण, कल्याणमित्रांची संगत आणि मिळकतीच्या मापाने जगणे, या त्या चार गोष्टी. बाबासाहेबांची धम्मदीक्षा अजून ३८ वर्षे पुढे होती, पण परळच्या त्या दोन खोल्यांत या चारही गोष्टी चालू होत्या. त्यातली शेवटची, म्हणजे मिळकतीच्या मापाने संसार चालवण्याची, सगळी जबाबदारी रमाईंनी उचलली होती.

नोकरी चालू असतानाच जानेवारी १९१९ मध्ये बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. ३१ जानेवारी १९२० रोजी शाहू महाराजांच्या आर्थिक मदतीने 'मूकनायक' सुरू केले. सरकारी कॉलेजात प्राध्यापक असल्यामुळे संपादक म्हणून स्वतःचे नाव त्यांना देता आले नाही. पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव संपादक म्हणून छापले गेले. पगारी नोकरी आणि चळवळ यांचा मेळ कुठे बसत नाही, हे तेव्हाच स्पष्ट झाले. मार्च १९२० मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली. त्याच महिन्यात माणगावची परिषद झाली आणि जुलैत ते लंडनला रवाना झाले. साठवलेली रक्कम, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले ५००० रुपयांचे कर्ज, एवढ्या शिदोरीवर पुढची तीन वर्षे काढायची होती.

लंडनमधल्या उपासमारीबद्दल आपण पुष्कळ ऐकले आहे. मागे मुंबईत रमाईंनी शेणी थापून घर चालवल्याच्या आठवणी आपल्या समाजात आजही सांगितल्या जातात. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२२ मध्ये बॅरिस्टर, अशी कामगिरी करून एप्रिल १९२३ मध्ये बाबासाहेब मुंबईला उतरले; रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी डी.एस्सी. त्याच वर्षी पुढे मिळाली. वय ३२ वर्षे.

बॅरिस्टर झाले, पण खटले कोण देणार?

आपल्याला वाटते की इथून पुढे अडचण राहिली नसेल. परिस्थिती वेगळी होती. वकिलीची सनद काढायलासुद्धा हातात पैसे नव्हते. इथेही नवल भथेनाच उपयोगी पडले. तथागतांनी सांगितलेला कल्याणमित्र म्हणजे काय, हे या पारशी गृहस्थाकडे पाहून समजते. जुलै १९२३ पासून बाबासाहेबांनी वकिली सुरू केली.

त्या काळी मुंबई हायकोर्टाच्या मोठ्या दाव्यांत पक्षकार थेट बॅरिस्टरकडे जात नसे. तो आधी सॉलिसिटरकडे जाई आणि सॉलिसिटर आपल्या पसंतीच्या बॅरिस्टरला काम देई. म्हणजे बॅरिस्टरची कमाई सॉलिसिटरच्या मर्जीवर अवलंबून असे. हे सॉलिसिटर बहुतेक उच्चवर्णीय किंवा युरोपीय होते आणि अस्पृश्य बॅरिस्टरला काम द्यायला ते तयार नव्हते. शेअर बाजाराच्या पेढीला आलेला अनुभव इथे पुन्हा आला, फक्त या वेळी कोर्टाच्या मोठ्या इमारतीत.

मग बाबासाहेबांनी जिल्ह्यांच्या कोर्टांतली कामे घेतली. परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांची बैठक असे. तिथे गिरणी कामगार आणि झाडू कामगार येत, गावाकडून वतनाच्या भानगडीत अडकलेले महार बांधव येत. यातल्या कितीतरी जणांकडे फी द्यायला पैसे नसत आणि बाबासाहेब त्यांची कामे तशीच करून देत. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली आणि सभेचे कार्यालयही याच दामोदर हॉलमध्ये राहिले. वकिलीची मिळकत आणि समाजाचे काम एकाच छताखाली आले, पण समाजाचे काम वाढत गेले तशी मिळकत वाढली नाही.

घरात खाणारी तोंडे बरीच होती. दिवंगत भावाच्या पत्नी लक्ष्मीबाई आणि पुतण्या मुकुंद यांची जबाबदारीही बाबासाहेबांवर होती.

बॅटलीबॉयचा वर्ग

जून १९२५ मध्ये बाबासाहेबांनी बॅटलीबॉयच्या अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवायचे अर्धवेळ काम घेतले. हिशेबनीस होऊ इच्छिणाऱ्या मुलांना करार, भागीदारी, हुंडी यांचे कायदे समजावून सांगायचे, असे ते काम होते. मार्च १९२८ पर्यंत, म्हणजे जवळपास तीन वर्षे, त्यांनी ते केले.

या तीन वर्षांत ते वर्गाबाहेर काय करत होते, ते शेजारी ठेवून पाहावे.

१९२५ मध्येच ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरचा त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. याच ग्रंथावर कोलंबिया विद्यापीठाने त्यांना जून १९२७ मध्ये रीतसर पीएच.डी. दिली. आज डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर म्हणताना ज्या पीएच.डी.चा आपण अभिमानाने उल्लेख करतो, ती पदवी प्रत्यक्ष मिळाली तेव्हा ते अर्धवेळ अध्यापक होते.

डिसेंबर १९२५ मध्ये हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखालील शाही चलन आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. देशाच्या चलनाबाबत ब्रिटिश साम्राज्याचा आयोग ज्यांचे मत विचारत होता, त्यांना त्याच शहरात पूर्णवेळ खटले मिळत नव्हते.

जुलै १९२६ मध्ये लाडका मुलगा राजरत्न गेला. त्याआधीही बाबासाहेब आणि रमाईंनी तीन अपत्ये गमावली होती. राजरत्नच्या जाण्याने दोघेही खचले. आजारपण, औषधपाणी, अपुरी मिळकत आणि दाटीवाटीची चाळ यांचा या मृत्यूंशी काय संबंध असतो, हे वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. अर्धवेळ मिळकतीची किंमत फक्त कमावणारा मोजत नाही, घरातली बाई आणि मुलेही मोजतात.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुण्यात एक गाजलेला खटला बाबासाहेबांनी जिंकला. 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून ब्राह्मणेतर चळवळीतले केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर आणि त्यांचे सहकारी यांना शिक्षा झाली होती. अपिलात बाबासाहेबांनी त्यांची बाजू मांडली आणि ते सुटले. या खटल्याने वकील म्हणून त्यांचे नाव झाले.

फेब्रुवारी १९२७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळाचे नेमलेले सदस्य म्हणून शपथ घेतली. पुढच्याच महिन्यात १९ आणि २० मार्चला महाडची परिषद आणि चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. या पाक्षिकाचे रकानेच्या रकाने ते रात्री एकट्याने लिहून भरत असत. २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. मार्च १९२८ मध्ये त्यांनी महार वतनाचे विधेयक विधिमंडळात मांडले.

हे सगळे बॅटलीबॉयच्या वर्गाच्या काळातले आहे. म्हणजे चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणारे हात घरी परतल्यावर पुन्हा व्यापारी कायद्याच्या टिपणांकडे वळत होते. आपल्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या क्रांतीचा नेता त्या दिवशी अर्धवेळ अध्यापक होता.

त्यांनी पूर्णवेळ सरकारी नोकरी का धरली नाही?

हा प्रश्न आम्हाला तरुण कार्यकर्ते विचारतात. त्यांच्या पदव्यांच्या माणसाला खटपट करून सरकारी खात्यात कायम जागा मिळाली नसती का? 'मूकनायक'च्या वेळी जो धडा मिळाला, त्यात याचे बरेचसे उत्तर आहे. सरकारी नोकरीत स्वतःच्या नावाने पत्र काढता येत नाही आणि सरकारविरुद्ध उघड बोलता येत नाही. वकिलीत मिळकत अनिश्चित होती, पण वेळ आणि तोंड दोन्ही आपले होते. अर्धवेळ शिकवणीने महिन्याच्या किराण्याची सोय केली आणि उरलेला दिवस समाजाला मिळाला.

पण इथे एक सावधगिरी हवी. बाबासाहेबांनी अर्धवेळ काम निवडले, असे सरसकट म्हणणे खोटे ठरेल. १९१७ मध्ये शिकवण्या घेणे ही त्यांची निवड नव्हती. १९२३ मध्ये सॉलिसिटरांनी खटले न देणे हीसुद्धा त्यांची निवड नव्हती. जातीने दरवाजे बंद केले म्हणून त्यांना खिडक्या शोधाव्या लागल्या. त्या खिडक्यांतून त्यांनी केवढे काम केले, याचे कौतुक करताना दरवाजे बंद करणाऱ्यांना आपण मोकळे सोडता कामा नये.

४४ व्या वर्षी

जून १९२८ मध्ये मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात त्यांना प्राध्यापकाची जागा मिळाली, पण तीही मार्च १९२९ पर्यंतच. मधल्या काळात सायमन आयोगासाठीच्या प्रांतिक समितीवर त्यांनी काम केले. पुढे वकिली हळूहळू स्थिरावली. गोलमेज परिषदा, पुणे करार, काळाराम मंदिर सत्याग्रह हा सारा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' उभे राहिले, ते मुख्यतः पुस्तकांसाठी.

१९३५ च्या जूनमध्ये त्याच गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य म्हणून बाबासाहेबांची नेमणूक झाली. जिथे सात वर्षांपूर्वी काही महिन्यांची जागा मिळाली होती, तिथलेच सर्वोच्च पद आले. सिडनहॅम सोडून १५ वर्षे झाली होती. वय ४४.

त्याच्या काही दिवस आधी, २७ मे १९३५ रोजी, रमाई गेल्या होत्या. ज्या बाईने सिडनहॅमच्या पगारातून लंडनचे पैसे बाजूला काढू दिले, लंडनच्या वर्षांत घर सांभाळले, चार लेकरे गमावली आणि अनिश्चित मिळकतीचा संसार २९ वर्षे ओढला, तिला हा मानाचा दिवस पाहता आला नाही. आपण बाबासाहेबांच्या पदव्या मोजतो. रमाईंनी किती महिन्यांचा किराणा उधारीवर भागवला, ते कोणी मोजले नाही.

स्वतः सोसलेले कायद्यात उतरवले

बाबासाहेबांच्या जीवनाचा हा भाग इथेच संपत नाही. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि १९४६ पर्यंत राहिले. एके काळी कामाच्या शोधात मुंबईभर फिरलेल्या माणसाच्या हाती देशाचे मजूर खाते आले. त्यांच्याच कारकिर्दीत १९४५ मध्ये मजूर खात्याने सेवायोजन कार्यालये उघडायला सुरुवात केली. आपल्या आई-वडिलांच्या पिढीला ही कार्यालये एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणून ओळखीची आहेत. तिथले कार्ड काढायला लागलेल्या रांगा अनेकांना आठवत असतील. ओळख, जात आणि मर्जी यांच्याऐवजी नोंदणीच्या क्रमाने कामाची माहिती मिळावी, ही त्यामागची कल्पना होती. ज्याला ओळखीअभावी आणि जातीमुळे काम नाकारले गेले, त्याला या कल्पनेचे मोल दुसऱ्या कोणी सांगायला नको होते.

कारखान्यांतले आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती १९४६ मध्ये त्यांनीच मांडली. त्याच वर्षी मुंबईत पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. त्याचे वर्ग सकाळी भरत, म्हणजे दिवसा काम करणाऱ्या गरीब मुलालाही पदवी घेता यावी. कमाई आणि अभ्यास यांची ओढाताण सोसलेल्या माणसाने काढलेले हे कॉलेज होते. आपल्या समाजातले कितीतरी कारकून, शिक्षक, वकील आणि अधिकारी याच सकाळच्या वर्गांतून घडले.

आणि मग संविधान. अनुच्छेद १६ ने सरकारी नोकरीत समान संधी दिली आणि मागासवर्गीयांसाठी आरक्षणाची तरतूद केली. अनुच्छेद ४१ ने कामाचा हक्क आणि बेकारीत मदत हे राज्याचे धोरण म्हणून नोंदवले. अनुच्छेद ४३ ने निर्वाहापुरते वेतन आणि माणसासारखे जगण्याच्या परिस्थितीची अपेक्षा राज्याकडून केली. या कलमांमागे संविधान सभेतली मोठी चर्चा आहे, अनेकांचे श्रम आहेत. पण मसुदा समितीच्या अध्यक्षांनी बडोद्याची बाग, बंद पडलेली पेढी आणि खटल्यांवाचूनचे कोर्टाचे दिवस पाहिलेले होते, हे विसरून ती कलमे वाचता येत नाहीत.

आज आपण काय करावे?

आपल्या तासिका तत्त्वावरच्या भावा-बहिणींना बाबासाहेबांचे हे चरित्र सांगताना लोक एक चूक करतात. बाबासाहेबांनी सोसले, तुम्हीही सोसा, असा उपदेश करतात. संस्थाचालकांना आणि सरकारला असा उपदेश सोयीचाच वाटेल. बाबासाहेबांनी जे सोसले, ते पुढच्या पिढीला सोसावे लागू नये म्हणून कायदे केले. त्यामुळे मंजूर जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवून तासांवर काम उरकणे, बिंदुनामावलीचा घोळ घालून मागासवर्गीयांचा अनुशेष तसाच ठेवणे आणि कंत्राटाच्या आडून आरक्षण टाळणे, या गोष्टींना विरोध करणे हेच या चरित्राचे तात्पर्य आहे.

दुसरी गोष्ट समाजाने करायची आहे. चाळिशीत कायम नोकरी नसलेल्या माणसाकडे आपले लोकही कमी नजरेने पाहतात. लग्नाच्या बैठकीत, विहाराच्या कार्यकारिणीत, वर्गणीच्या यादीत त्याला मागे बसवले जाते. तो माणूस हळूहळू वंदनेला यायचेच सोडतो. १९२५ च्या मुंबईत कोणी बाबासाहेबांना मिळकतीवरून जोखले असते, तर त्यांची गणना अपयशी बॅरिस्टरांत झाली असती. सम्यक आजीविका म्हणजे प्रामाणिक उपजीविका. पगारपत्रकाचा आकडा तिचे माप नाही.

तिसरी गोष्ट कल्याणमित्राची. बाबासाहेबांना नवल भथेना भेटले. आज आपल्या समाजात स्थिरावलेली हजारो कुटुंबे आहेत. प्रत्येक विहाराने ठरवले, तर परीक्षा शुल्क, मुलाखतीचा प्रवास आणि सुटीतल्या बिनपगारी महिन्यांसाठी बिनव्याजी निधी उभा करणे अवघड नाही. जाहिराती आणि बिंदुनामावल्या तपासणारी, माहितीचे अर्ज टाकणारी दोन-चार माणसे प्रत्येक तालुक्यात हवीत. दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब फी न घेता कागद तपासून देत असत. आपल्याकडे आज वकील आहेत, निवृत्त अधिकारी आहेत, प्राध्यापक आहेत. विहाराची एक खोली आठवड्यातून एक संध्याकाळ या कामासाठी उघडी ठेवता येईल.

येत्या जयंतीला बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी वाचून दाखवताना १९२५ ते १९२८ या ओळीत बॅटलीबॉय इन्स्टिट्यूट, अर्धवेळ अध्यापक, एवढेही वाचून दाखवा. समोर बसलेल्यांपैकी कोणीतरी मान वर करून ऐकेल.

जय भीम. नमो बुद्धाय.